खान्देशातल्या एका नाल्याचा पाणी-अभ्यास : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

भूगोल, भूशास्त्र, पर्यावरणशास्त्र किंवा शेतीच्या कुठल्या तरी पदवीसाठी ‘आमच्या तालुक्यातील भूजल’ असा विषय घेतलेली मुलं-मुली दरवर्षी भेटतात. गावासाठी काहीतरी करायचं म्हणून विहिरी मोजायला निघालेले तरुणही भेटतात. बहुतेकांची अडचण एकच असते. विहिरीत टेप सोडता येतो, आकडा वहीत लिहिता येतो, पण त्या आकड्याचा अर्थ काय हे सांगणारं कोणी जवळ नसतं. बारा मीटरवर पाणी ही बातमी चांगली की वाईट? साक्री तालुक्यातल्या पाषाणात तिचा एक अर्थ होतो, यावलच्या केळीपट्ट्यात अगदी दुसरा. म्हणून या लेखात आधी जमीन आहे आणि मग मोजमाप. पुस्तकं सहसा उलट क्रमाने शिकवतात, आणि तिथेच नवखे अडकतात.

१. आधी क्षेत्र लहान करा

‘जळगाव जिल्ह्यातील भूजल’ हा विषय एका माणसाला एका वर्षात झेपत नाही. एक नाला धरा. त्याचं पाणलोट वीस ते पन्नास चौरस किलोमीटरचं असलं तर मोटारसायकलवर दोन दिवसांत सगळं फिरून होतं. तालुक्याची सीमा पाणी ओळखत नाही, त्यामुळे अभ्यासाची हद्द पाणलोटाची हवी, महसुली नको.

हद्द आखायला भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे लागतात. त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी करून ते उतरवता येतात. जुन्या क्रमांकानुसार शिरपूर, शहादा, नंदुरबार हा भाग ४६ के मध्ये येतो, धुळे शहर ४६ एल मध्ये, चोपडा-यावल ४६ ओ मध्ये, नवापूर ४६ जी मध्ये. रावेर गाव मात्र ७६ अंश रेखांशाच्या जरा पलीकडे आहे, म्हणून ते ५५ सी मध्ये सापडतं. ४६ च्या गठ्ठ्यात रावेर शोधत बसलेले लोक मी पाहिलेत.

संगणकावर क्यूजीआयएस हे नकाशे काढायचं मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि उंचीची माहिती इस्रोच्या ‘भुवन’ पोर्टलवरून किंवा एसआरटीएमची (नासाच्या रडार मोजणीची) घ्या. प्रक्षेप (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) निवडताना यूटीएम झोन ४३ उत्तर घ्यायचा, सगळा खान्देश त्यात बसतो. सॉफ्टवेअरने आखलेली पाणलोटाची रेघ एकदा पायी तपासा. तापीकाठच्या सपाट गाळात ती रेघ हमखास भरकटते, कारण तिथे पाटचाऱ्या, रस्त्यांचे भराव आणि मोऱ्या पाण्याची वाट बदलतात.

२. पायाखाली काय आहे ते ठरवा

या पायरीला घाई करू नका. पुढचे सगळे आकडे इथे ठरतात. ढोबळ मानाने खान्देशात पाण्याच्या दृष्टीने तीन प्रकारची जमीन आहे.

*पाषाणाचा प्रदेश.* साक्री, धुळे, पारोळा, चाळीसगाव, नंदुरबारचा बराच भाग, म्हणजे तापीच्या दक्षिणेचा मोठा पट्टा, दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात; खालचा भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कधीकधी लाल गेरूचा पट्टा लागतो. पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. घट्ट पाषाणात भेग नसेल तर पाणीही नाही, मग बोअर कितीही खोल न्या. शेजारच्या दोन शेतांत एक बोअर भरभरून चालते आणि दुसरी कोरडी जाते, यात नशिबाचा भाग कमी आणि भेगांचा जास्त.

धुळे-नंदुरबारकडे याच पाषाणात आणखी एक गोष्ट आहे : डाइक. जुन्या लाव्ह्याच्या थरांना चिरून वर आलेल्या, आता उभ्या राहिलेल्या दगडी भिंती. बहुतेक साधारण पूर्व-पश्चिम जातात. साक्री-नंदुरबार रस्त्याने जाताना शेतांमधून सरळ रेषेत पळणारी अरुंद टेकडी दिसली तर थांबा आणि बघा. उपग्रह चित्रात त्या फूटपट्टीने ओढल्यासारख्या दिसतात. डाइक आडवी आली की जमिनीखालचं पाणी तिच्या वरच्या अंगाला अडतं आणि खालच्या अंगाच्या विहिरी लवकर आटतात. पण तीच डाइक भेगाळलेली असेल तर उलट पाणी वाहून नेते. तेव्हा ‘डाइक म्हणजे बांध’ असं गृहीत धरू नका. दोन्ही अंगांच्या विहिरी मोजा, मग बोला.

*सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा.* रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या तालुक्यांच्या उत्तरेला डोंगर संपतो तिथे दगड-गोटे, वाळू आणि माती यांचा जाड पसारा आहे. भूशास्त्रात याला बजाडा म्हणतात. सुकी, मोर, अनेर, अरुणावती, गोमाई या नद्या डोंगरातून खळाळत बाहेर येतात आणि या गोट्यांच्या पात्रात त्यांचं पाणी जिरू लागतं. पाणी मुरवायला खान्देशात याच्याइतकी उत्तम जागा दुसरी नाही. तापीचं पुराचं पाणी या पट्ट्यात सोडून मुरवायचं, ही तापी मेगा रिचार्ज योजनेची कल्पना याच गुणावर उभी आहे; महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात त्याबाबत मे २०२५ मध्ये करार झाला. याच डोंगरपायथ्याला चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. अशा झऱ्यांचा संबंध जमिनीतल्या खोल भंगरेषांशी लावला जातो. तुमच्या क्षेत्रात गरम झरा असेल तर त्याचा नमुना वेगळा ठेवा, आसपासच्या विहिरींच्या सरासरीत मिसळू नका.

*तापीचा गाळ.* पायथ्यापासून तापीपर्यंत पिवळ्या मातीचे, वाळूचे, चिकणमातीचे थर आहेत, काही ठिकाणी शंभर मीटरहून कितीतरी जाड. केळीचा पट्टा यावरच उभा आहे. इथे साध्या विहिरी जवळपास इतिहासजमा झाल्या, सगळं पाणी खोल कूपनलिकांवर चालतं. चिकणमातीच्या पडद्याखाली दुसरा वाळूचा थर असतो, त्यामुळे एकाच शेतातल्या जुन्या विहिरीची आणि नव्या कूपनलिकेची पातळी वेगळी दिसू शकते. ती दोन वेगळी पाणी आहेत. एकाच नकाशावर एकाच रंगाने दाखवू नका.

आता या फरकाचा आकडा बघा. समजा पावसाळ्यानंतर एका चौरस किलोमीटरवर पातळी चार मीटर वर आली. केंद्र सरकारच्या भूजल अंदाज समितीच्या मानकांत कुजलेल्या बेसाल्टची विशिष्ट उपलब्धी (थराच्या एकूण आकारमानापैकी किती टक्के पाणी त्यातून निथळून हाती येतं ते) साधारण २ टक्के धरतात, पोयट्याच्या गाळाची १० टक्के. बेसाल्टमध्ये त्या चार मीटरचं पाणी झालं ८० हजार घनमीटर. गाळात तेच चार मीटर म्हणजे ४ लाख घनमीटर. पातळीतली वाढ सारखी, पाणी पाचपट. म्हणून ‘आमच्या गावात पातळी पाच मीटरने वाढली’ अशा बातमीवर खडक विचारल्याशिवाय टाळी वाजवू नये.

खडक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. नव्या विहिरीची कड, नाल्याचा कापलेला काठ, खदान, रस्त्याचं खोदकाम बघा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर जिल्ह्याचे भूशास्त्रीय नकाशे आहेत, ते सोबत ठेवा. शिवाय गावातल्या विहीर खोदणाऱ्या मिस्त्रीला आणि बोअरवाल्याला गाठा. ‘किती फुटांवर मांजऱ्या लागला, किती फुटांवर पाणी’ हे त्यांना तोंडपाठ असतं. पाणाड्यालाही टाळू नका. त्याच्या नारळाशी तुमचं देणंघेणं नाही, पण गावातल्या कोणकोणत्या बोअर कोरड्या गेल्या याची यादी त्याच्याइतकी कोणाकडे नसते. फक्त ती तो सहजासहजी सांगत नाही, दोन-तीनदा चहा घ्यावा लागतो.

३. कागदपत्रं आणि परवानग्या

- महाविद्यालयाचं किंवा संस्थेचं ओळखपत्र आणि विषय स्पष्ट लिहिलेलं पत्र, पाच-सहा प्रती.
- प्रत्येक ग्रामपंचायतीला द्यायचं साधं पत्र. पोच घ्या. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांना भेटा.
- सातपुड्यात आत जायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आहेत. तिथे पत्राशिवाय उपकरणं घेऊन फिरू नका.
- भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या नावे अर्ज : तुमच्या पाणलोटातल्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या पातळ्या हव्यात असा. ही यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा पातळी मोजते. अर्जात पाणलोट क्रमांक, गावांची नावं आणि वर्षं नेमकी लिहा. ‘सर्व माहिती मिळावी’ असं लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो.
- धरणातून सोडलेल्या पाण्याची नोंद हवी असेल तर तापी पाटबंधारे विकास महामंडळाचं संबंधित विभागीय कार्यालय.

केंद्रीय भूजल मंडळाच्या विहिरींची माहिती आणि केंद्रीय जल आयोगाच्या तापीवरच्या सावखेडा, गिधाडे, सारंगखेडा या केंद्रांची माहिती ‘इंडिया डब्ल्यूआरआयएस’ पोर्टलवर शोधा. पावसाची आकडेवारी महसूल मंडळनिहाय मिळते. तालुक्याची सरासरी वापरू नका. नवापूरकडे हजार मिलीमीटरच्या घरात पडणारा पाऊस शिंदखेड्यापर्यंत येता येता निम्म्यावर येतो, आणि एकाच तालुक्यातही ढग शिवार बघून पडतात.

४. सामान

पन्नास मीटरचा फायबर टेप आणि त्याच्या टोकाला बांधायला पितळी घंटीसारखं वजन (पाण्याला लागलं की ‘डुब्’ आवाज येतो). जमलं तर विद्युत पातळीमापक. जीपीएस किंवा मोबाइल, होकायंत्र, स्टॉपवॉच, टीडीएस-पीएच मीटर (विरघळलेले क्षार आणि आम्लता मोजणारं) आणि त्याची मानक द्रावणं, एक लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक बाटल्या, न पुसला जाणारा मार्कर, बर्फाचा डबा, कॅमेरा. आणि वही. मोबाइलमधला फॉर्म चांगला, पण सातपुड्यात रेंज जाते आणि मे महिन्यात जळगावच्या उन्हात मोबाइल तापून बंद पडतो. वही बंद पडत नाही.

पाणी, टोपी, सकाळी लवकर निघणं : खान्देशातल्या मे महिन्याबद्दल एवढं सांगितलं की पुरे.

५. विहिरींची नोंद

पाणलोटात पंचवीस-तीस विहिरी निवडा. माथ्याजवळ, मधल्या उतारावर आणि नाल्याकाठी, तिन्हीकडे वाटून. सगळ्या रस्त्यालगतच्या निवडायचा मोह होतो. रस्ते बहुधा नाल्याच्या कडेने जातात, म्हणजे नकळत फक्त भरलेल्या विहिरी तुमच्या यादीत येतात.

प्रत्येक विहिरीसाठी लिहा : सांकेतिक क्रमांक, अक्षांश-रेखांश, व्यास, एकूण खोली, कठड्याची उंची, पाण्यापर्यंतचं अंतर, पंप किती अश्वशक्तीचा, दिवसाला किती तास चालतो, पिकं कोणती, आतल्या भिंतीत दिसणारे थर, आणि आडवे-उभे बोअर मारले आहेत का. शेवटचा प्रश्न विसरू नका. खान्देशात जुन्या विहिरीच्या तळाला बोअर मारणं सर्रास चालतं, मग त्या विहिरीतलं पाणी नेमकं कोणत्या थराचं हे सांगता येत नाही.

मोजताना नेहमीचे सापळे असे :

*कठडा.* टेप कठड्यावरून सोडता, पण पातळी जमिनीपासून लिहायची असते. कठड्याची उंची वजा करा. मोजायची जागा रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवा, दर वेळी तिथूनच टेप सोडा.

*चालू पंप.* पंप चालू असताना किंवा नुकताच बंद झाल्यावर घेतलेली पातळी ही भूजलाची पातळी नसते, उपशाने झालेला खड्डा असतो. शेतीच्या फिडरला वीज ठरावीक वेळी येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि पाळी बदलत राहते. फेरीच्या आधी गावच्या वायरमनला फोन करून त्या आठवड्याची पाळी विचारा. वीज यायच्या अगदी आधीची वेळ सगळ्यात चांगली. पंप शेवटचा कधी बंद झाला हेही लिहा. केळीपट्ट्यात बंद विहीर मिळाली तरी शेजारच्या शेतातला पंप चालू असतोच, तोही नोंदवा.

*तारीख.* सगळ्या विहिरी दोन-तीन दिवसांत मोजून संपवा. पहिली विहीर १५ मेला आणि शेवटची १० जूनला, मध्ये वळवाचा पाऊस, असा नकाशा काढण्यात अर्थ नाही.

*परस.* जुने लोक खोली परसात सांगतात. हात वर करून उभ्या माणसाएवढं ते माप, माणसागणिक बदलणारं. ऐका, लिहा, पण टेप सोडल्याशिवाय मीटरमध्ये उतरवू नका.

*उंची.* भूजल कोणत्या दिशेला वाहतं हे दाखवणारा समोच्च नकाशा काढायचा तर प्रत्येक विहिरीची समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. मोबाइल जीपीएस उंचीत सहज दहा-पंधरा मीटर चुकतो. तापीकाठच्या सपाट गाळात एवढ्या चुकीने पाणी डोंगराकडे वाहताना दिसेल. ऑटो लेव्हल (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) किंवा डीजीपीएस (जास्त अचूक जीपीएस) महाविद्यालयातून मिळवा. मिळत नसेल तर समोच्च नकाशाचा नाद सोडा आणि फक्त खोलीचा नकाशा द्या. तो कमी दिमाखदार, पण खरा असतो.

*चालू बोअर.* केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या तोंडाला बसवलेल्या नळीत, मोटारीची केबल, दोर, पाइप असतात. त्यात टेप अडकला की निघत नाही, आणि मालकाची मोटार बाहेर काढायचा खर्च तुमच्या माथी येतो. मापनासाठी वेगळी बारीक नळी सोडलेली असेल तरच टेप घाला.

विहिरीत उतरू नका. जुन्या, न वापरलेल्या विहिरीत श्वास कोंडणारा वायू असतो, कपारीत आग्या मोहोळ किंवा साप असतो.

आता माणसांबद्दल. शेतात शिरताना आधी हाक द्या. अहिराणी येत असेल तर तिचाच उपयोग करा. ‘आप्पा, हिरीमा पानी कितलं खोल शे?’ एवढ्याने गप्पा सुरू होतात, ‘भूजल सर्वेक्षण’ म्हटल्यावर मात्र चेहरा बदलतो. बोअरची खरी खोली लोक सांगत नाहीत, कारण ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर महाराष्ट्र भूजल अधिनियमाची बंधनं आहेत, हे त्यांच्या कानावर आलेलं असतं. तुम्ही दंड करायला आलेले नाही हे पहिल्या वाक्यात सांगा आणि मालकाचं नाव अहवालात येणार नाही हा शब्द द्या. यावल-रावेरकडे लेवा बोली, पाल-वैजापूरच्या पाड्यांवर पावरी. तिथे गावातलाच एखादा मुलगा सोबत घ्या आणि त्याची मजुरी द्या.

६. विहिरीला येणारं पाणी : छोटी पंपचाचणी

पाषाणातल्या साध्या गोल विहिरीसाठी ही चाचणी कोणालाही जमते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीचं तळक्षेत्र साधारण २८ चौरस मीटर, म्हणजे एक मीटर पाणी जवळपास २८ हजार लिटर. मालक पंप चालवतोच, तो बंद झाला की दर दहा मिनिटांनी पातळी मोजा, पहिले दोन-तीन तास. पहिल्या तासात अर्धा मीटर भरली तर झऱ्यांतून ताशी सुमारे १४ हजार लिटर पाणी येतं. मे आणि ऑक्टोबर दोन्ही वेळा हे करा. पातळी वर असताना वरचा मुरूमही पाणी देतो. पातळी खाली गेली की फक्त भेगा उरतात आणि आवक एकदम पडते. पातळीच्या नुसत्या आकड्यात हे दिसत नाही, भरण्याच्या वेगात दिसतं.

७. नाल्याचा प्रवाह

नवखे लोक विहिरी मोजतात आणि नाला सोडून देतात. पण पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नाल्यात जे पाणी वाहतं ते बहुतांशी भूजलच असतं, काठातून झिरपून आलेलं. विहिरी आणि नाला हा एकाच खात्याचा जमा-खर्च आहे.

मोठ्या प्रवाहासाठी तरंग पद्धत. सरळ, झाडोरा नसलेला दहा मीटरचा भाग निवडा. संत्र्याचं साल किंवा अर्धी भरलेली बाटली सोडा, वेळ मोजा, पाच-सहा वेळा. पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणा. दहा मीटरला पंचवीस सेकंद लागले तर वेग ०.४, गुणून ०.३४ मीटर प्रति सेकंद. पात्र तीन मीटर रुंद आणि सरासरी वीस सेंटिमीटर खोल असेल तर प्रवाह सुमारे २०० लिटर प्रति सेकंद. खोली एकाच जागी मोजू नका, रुंदीत निदान पाच जागी मोजा.

बारीक ओहोळासाठी ९० अंशांची व्ही आकाराची खाच कापलेला पत्रा. पत्रा मातीत घट्ट रोवा, कडांना प्लास्टिक आणि चिखल लावा. खाचेच्या जरा वरच्या बाजूला, पत्र्यापासून दूर, खाचेच्या तळापासून पाण्याची उंची मोजा. सूत्र : प्रवाह = १.३८ × उंचीचा अडीचावा घात, उंची मीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंदात. दहा सेंटिमीटरला साधारण ४.४ लिटर प्रति सेकंद, वीस सेंटिमीटरला जवळपास २५. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीने वाढतं, तेव्हा एका सेंटिमीटरची चूकही महागात पडते.

सातपुड्याच्या पायथ्याला एक मोजणी अवश्य करा, तिथल्या अभ्यासाचा गाभा तीच आहे. एकाच दिवशी, एकाच नदीवर, डोंगरातून बाहेर पडते तिथे, गोट्यांचा पट्टा संपतो तिथे आणि गाळात शिरल्यावर, अशा तीन जागी प्रवाह मोजा. मधल्या वाटेत कोणी पंपाने पाणी उचलत नसेल आणि दुसरा नाला मिळत नसेल, तर वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक म्हणजे पात्रात मुरलेलं पाणी. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर अशी तीनदा मोजणी केलीत तर मुरण्याचा वेग कसा बदलतो तेही दिसेल. यंत्रसामग्री जवळपास शून्य, आणि हाती येतो तो आकडा कुठल्याही पोर्टलवर नाही.

पण आधी वर धरण आहे का ते बघा. सुकी, मोर, अनेर या तिन्हींवर धरणं आहेत. पांझरेवर अक्कलपाडा, गिरणेवर गिरणा धरण आणि खाली जामदा बंधारा. तुम्ही ज्या दिवशी मोजायला गेलात त्या दिवशी पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं असेल तर ते पाणी नदीचं नाही, दाराचं आहे. आवर्तनाच्या तारखा पाटबंधारे शाखेतून आधी घ्या.

पांझरा खोऱ्यात काम करणाऱ्यांनी फड पद्धतीचे जुने बंधारेही लक्षात घ्यावेत. नदीवर ओळीने बंधारे, प्रत्येकातून निघणारा पाट, फडाफडाने पिकं, आणि पाणी वाटणारा पाटकरी. बंधाऱ्यामागचं साठलेलं पाणी आणि पाटांची झिरप काठच्या विहिरी भरत असते. त्या विहिरी ‘नैसर्गिक’ धरल्यात तर पावसाने किती मुरलं याचा अंदाज फुगतो. पाटकऱ्याला भेटा. कोणत्या महिन्यात कोणत्या पाटाला पाणी होतं हे तोच सांगू शकतो, आणि तिथल्या पाण्याचा इतिहास त्याच्याइतका कार्यालयातल्या कुठल्याच फायलीत नाही.

८. पाण्याचे नमुने

बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, लगेच क्रमांक टाका. कूपनलिकेचं पाणी पाच-दहा मिनिटं वाहू दिल्यावर घ्या. टीडीएस, पीएच, तापमान जागेवरच मोजा. जिवाणू तपासणीची बाटली निर्जंतुक हवी, ती प्रयोगशाळेतून आणा, बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचवा.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, फ्लोराइडची १, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. विरघळलेले क्षार ५०० पर्यंत चांगले, पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. केळी-कापसाच्या पट्ट्यात नायट्रेट आधी बघा, खतांची मात्रा तिथे जबर असते. पण उकिरड्याशेजारच्या विहिरीतलं नायट्रेट केळीवर ढकलू नका; विहिरीभोवती पन्नास पावलांत काय काय आहे ते नोंदवहीत असायला हवं.

अहवाल हातात आला की धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का बघा. फरक पाच टक्क्यांच्या आत हवा, फार तर दहा. त्याहून जास्त असेल तर प्रयोगशाळेला नमुना पुन्हा तपासायला सांगा. संकोच करू नका, पैसे तुम्ही भरलेत.

९. हिशेब

आधी पाऊस. एका चौरस किलोमीटरवर एक मिलीमीटर म्हणजे हजार घनमीटर पाणी. पंचवीस चौरस किलोमीटरवर ६०० मिलीमीटर पडला तर दीड कोटी घनमीटर. त्यातलं किती मुरलं हे मे आणि ऑक्टोबरच्या पातळीतल्या फरकावरून काढा : क्षेत्र × वाढ × विशिष्ट उपलब्धी. पाणलोटात पाषाण आणि गाळ दोन्ही असतील तर दोन तुकडे करून वेगवेगळं गणित करा, नंतर बेरीज. उपसा दोन वाटांनी काढा. एकदा पंपाचे तास आणि पंपाचा प्रवाह धरून, एकदा पिकाखालचं क्षेत्र आणि पिकाची गरज धरून. दोन आकडे जुळणार नाहीत. दोन्ही छापा आणि फरक का पडला असावा ते लिहा. परीक्षक बाकी सगळं चाळतो, इथे थांबतो.

उपसा आणि उपलब्ध भूजल यांचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत असेल तर सुरक्षित, ७० ते ९० अंशतः शोषित, ९० ते १०० शोषित, त्यापुढे अतिशोषित, असे सरकारी गट आहेत. तुमच्या एका वर्षाच्या आकड्यावरून गावाला ‘अतिशोषित’ ठरवू नका.

शेवटचा सापळा मोठा आहे, कारण त्यात भावना असतात. नाला खोलीकरण झालेलं गाव, जलयुक्त शिवारचं गाव किंवा शिरपूर पॅटर्नचे सिमेंट बंधारे झालेलं शिवार निवडून ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना करायची सगळ्यांना हौस असते. शिरपूर तालुक्यातल्या कामात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी खडक बघून नाले खोल-रुंद केले, आणि काम गाजलं. ते अभ्यासायला जरूर जा. पण आधीचं वर्ष कोरडं आणि नंतरचं वर्ष भरपूर पावसाचं असेल तर पातळी बंधाऱ्याशिवायही वाढते. म्हणून तसाच खडक, तसाच पाऊस, पण काम न झालेला शेजारचा नाला सोबत मोजा. दोन्हींतल्या वाढीचा फरक बंधाऱ्याच्या खात्यात टाका, सगळी वाढ नको. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यासारख्या ठिकाणी, जिथे चैत्राम पवार आणि ग्रामस्थांनी जंगल राखलं आणि पाणीही अडवलं, तिथे दोन्हींचा वाटा वेगळा काढणं आणखी कठीण. ‘एकत्रित परिणाम’ असं लिहायला लाजू नका.

१०. वेळापत्रक आणि अहवाल

मार्चमध्ये नकाशे, पत्रं, अर्ज. एप्रिलमध्ये खडकाची पाहणी आणि विहिरींची निवड. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिली फेरी. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवाह मोजताना पुराच्या पाण्यात उतरू नका. सातपुड्यातले नाले वर पाऊस झाला की खाली ऊन असताना येतात. ऑक्टोबरमध्ये रब्बीचे पंप जोरात सुरू व्हायच्या आत दुसरी फेरी. नोव्हेंबरपासून प्रवाह महिन्यातून एकदा, नाला आटेपर्यंत. आटल्याची तारीखही नोंदवा, तोही एक आकडाच आहे.

अहवालाची प्रत ग्रामपंचायतीला द्या, पण पीएच.डी.च्या भाषेतली नको. दोन पानं, मराठीत, गावच्या नकाशावर विहिरींचे ठिपके आणि मे-ऑक्टोबरच्या पातळ्या फुटांत. मालकांची नावं काढून फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा. कोणता क्रमांक कोणाचा याची चिठ्ठी ज्या त्या मालकाला वेगळी द्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला स्वतःची विहीर स्वतः मोजता येईल. मोजायचा ठिपका कठड्यावर आहेच. पाऊस खाईल अशा रंगाने तो दिला असेल तर जाण्याआधी ऑइलपेंटने पुन्हा द्या.